गोल्डन बांबूत किटलीभर अळणी

कोल्हापुरात उत्तम चायनीज कुठं मिळतं, हे छातीठोकपणे सांगू शकेल असा या शहरात एकच माणूस आहे. तो म्हणजे मी! हसू नका. उद्यमनगरात माझं पंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे हे खरं, पण ती झाली पोटापाण्याची सोय. माझी खरी ओळख म्हणजे आमच्या गल्लीतल्या रस्सा मंडळाचा मी अध्यक्ष.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. इतर गावांत मंडळं गणपती बसवायला, रक्तदान करायला, निदान वर्गणी गोळा करायला तरी काढतात. आमचं मंडळ दर रविवारी एकत्र बसून मटणाचा रस्सा प्यायला काढलेलं आहे. तांबडा आणि पांढरा. एवढंच ध्येय, एवढंच धोरण. आणि अध्यक्ष मीच का? नेतृत्वगुण? वक्तृत्व? छे हो! माझी बायको निशिगंधा जसा पांढरा रस्सा करते तसा पंचक्रोशीत कुणाला जमत नाही, म्हणून. ती नारळ खवते, वाटते, पिळून दूध काढते आणि हार माझ्या गळ्यात पडतो. लोकशाहीत असंच असतं.

तर आमच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस जवळ आला होता, आणि तो नेमका रविवारी. निशिगंधा म्हणाली, "औंदा मला साडी नको, दागिना नको."

मी मनातल्या मनात फटाके वाजवले.

"मला चायनीज खायचंय. हॉटेलात. बसून."

"एवढंच व्हय? अगं, कोपऱ्यावरच्या गाडीवर..."

"गाडी न्हाय! टेबलावर पांढरं कापड पायजे. खुर्ची डुगडुगाय नको. आपण दोघंच. तुमचं मंडळ नको. आन् जेवण हुईस्तवर रस्सा ह्यो शब्द माझ्या कानावर पडाय नको."

"आन् पडला तर?"

"तर पुढच्या रविवारपास्नं पांढरा रस्सा तुम्ही करायचा. नारळ खवण्यापास्नं. मी बसतो भाईर तुमच्या मंडळात, पाट मांडून."

ती हे हसत म्हणाली नाही, म्हणून मला घाम फुटला. पांढरा रस्सा गेला की अध्यक्षपद गेलं. अध्यक्षपद गेलं की गल्लीत मला कोण विचारतो? पंपाचं वायसर कुठं मिळंल, एवढंच विचारणार!

"फिकीर करू नगंस," मी मिशीवर हात फिरवला. "अख्ख्या कोल्हापुरातलं एक नंबर चायनीज शोधतो. माझ्या जिभेवर विश्वास ठेव."

आणि मग मी पहिली चूक केली. मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, "उत्तम चायनीज कुठे मिळेल? एका परिचितासाठी हवे आहे."

पाचच मिनिटांत आकारामचा फोन! आकाराम म्हणजे मंडळाचा उपाध्यक्ष. त्याचं डिजिटल फ्लेक्सचं दुकान आहे. गल्लीत बारशापासून बाराव्यापर्यंत जे काही होतं त्याचा फ्लेक्स आकारामकडं छापला जातो. स्वतःच्या नावामागं 'भावी अध्यक्ष' असं छापायची त्याला फार दिवसांची हौस आहे.

"अध्यक्ष, परिचित-बिरिचित सोडा की! रविवारी मंडळाचा बेतच चायनीज करू. पाहणी कराय आजच निघू. निसारभाईला घेऊन येतो."

निसारभाईंचं मटणाचं दुकान आहे. मंडळाचं मटण तेच देतात. अख्ख्या मंडळात एवढा सरळ माणूस दुसरा नाही, आणि सरळ माणसापासून जेवढा धोका असतो तेवढा लबाडापासून नसतो, हे पुढं कळेलच.

निघालो तिघं. पहिली एक गाडी. गाडीवर ड्रॅगन रंगवलेला होता आणि ड्रॅगनला कोल्हापुरी फेटा होता. गाडीवाल्यानं विचारलं, "पावणं, चायनीज नुसतं करू का आपल्यातलं करू?"

"आपल्यातलं म्हंजे?"

"कांदा-लसूण चटणी घालून."

"मग घाल की! इचारतोस काय?" आकाराम गरजला. त्यानं घातली. पुढची दहा मिनिटं आम्ही तिघंही फक्त खुणांनी बोलत होतो.

दुसरं हॉटेल तळघरात. आत एवढा काळोख की पुढ्यात ताट आलं हे वासावरून ओळखायचं. निसारभाईंनी मोबाईलची बॅटरी लावून प्लेटीतला तुकडा उलटापालटा करून पाहिला. शेजारच्या टेबलावरचं एक कोवळं जोडपं त्या उजेडात दचकून उठलं आणि बिल देऊन निघूनच गेलं! निसारभाई तुकडा खाली ठेवत म्हणाले, "अध्यक्ष, कोंबडी हाय. पन लई दिवसांपूर्वी हुती."

तिसरं ठिकाण जरा बरं. एसी होता, वेटरला टाय होता. मंचुरियन आलं. आकारामनं चार घासांत गोळे संपवले आणि वाटी वेटरपुढं धरली. "रस्सा आण."

"सर?"

"ह्योच. ह्यातला रस्सा. वाढ की!"

"सर, ग्रेव्ही परत घ्यायची तर चार्ज लागेल."

निसारभाईंच्या हातातला चमचा खाली पडला. तुम्ही कोल्हापूरचे असाल तर सांगायला नको. इथं मटणाचे पैसे घ्या, भाकरीचे घ्या, हात धुतलेल्या पाण्याचे घ्या, पण रश्श्याचे? रस्सा मागायचा असतो आणि त्यानं वाढायचा असतो, पोट म्हणेल तिथवर!

"रश्श्याला पैसं?" आकाराम उभा राहिला. "लगा, माझ्या आज्ज्यानं न्हाय दिलं, बानं न्हाय दिलं, आन् मी देऊ? मालकाला बलीव!"

मालक आला. आचारी आला. पार्किंगचा रखवालदारही आला. शेवटी आकारामनं पैसे दिले नाहीत आणि मालकानं ग्रेव्ही दिली नाही. जिन्यातच मंडळाचा ठराव झाला. "चायनीज बाद! रविवारी हाय तेच. तांबडा-पांढरा, अध्यक्षांच्या घरात!"

घ्या! म्हणजे लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी माझ्या बायकोनं अख्ख्या मंडळासाठी नारळ खवायचे. मी घरी हे सांगितलं असतं तर पुढचं वाचायला तुम्ही असता, सांगायला मी नसतो.

मग मी एकटाच, चोरासारखा, ताराबाई पार्कात गेलो. तिथं पहिल्या मजल्यावर 'गोल्डन बांबू' नावाचं नवं हॉटेल निघालं होतं. टेबलांवर पांढरीशुभ्र कापडं. मी एक खुर्ची धरून गदागदा हलवली. हलली नाही! विश्वजित नावाचा तरुण मॅनेजर धावत आला.

"काय घेणार, सर?"

"काय न्हाय. खुर्ची बघाय आलतो." आणि रविवारचं दोघांचं टेबल सांगून आलो.

राहिला प्रश्न मंडळाचा. खरं सांगून टाकायचं होतं, असं तुम्ही म्हणाल. बायकोला जेवायला न्यायचंय म्हणून रविवार चुकवतो? एक तर जन्मभर चेष्टा, आणि दुसरं म्हणजे मंडळाचा एकमेव नियम. आजारपण सोडून कुठल्याही कारणानं पदाधिकाऱ्यानं रविवार चुकवला तर पद जातं, आणि खोटं आजारपण सांगितलं तर माणूसच मंडळातून जातो! नियम कुणी केला? मीच! आकारामला कधीतरी अडकवायला.

तेव्हा रविवारी सकाळी ग्रुपवर टाकलं, "अंगात ताप आहे. आजचा बेत रद्द. कृपया कुणी भेटायला येऊ नये."

काय अक्कल! कोल्हापुरात आजाऱ्यानं 'भेटायला येऊ नये' म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी कळतात. एक, दुखणं मोठं आहे. दोन, आता जायलाच पाहिजे.

इकडं आमची तयारी. निशिगंधा पैठणी नेसली. मीही हौसेनं ट्रंकेतला लग्नातला कोट काढला. तो तसाच होता, मी तसा राहिलो नव्हतो. श्वास आत ओढून बटणं लावली खरी, पण मग श्वास बाहेर सोडायची सोय उरली नाही. रिक्षात वाकून बसता येईना. तेव्हा निशिगंधानं मला दोन्ही हातांनी आत ढकललं आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "चला भाऊ, लवकर! उशीर व्हाय नको!"

हा सगळा सोहळा समोरच्या बयाबाई गॅलरीतून बघत होत्या.

आम्ही आधी अंबाबाईच्या दर्शनाला गेलो. रविवारची रांग, दोन तास हललोच नाही. माझा मोबाईल निशिगंधानं आवाज बंद करून पर्समध्ये टाकला होता. "आज मंडळ बंद म्हंजे बंद." त्यामुळं पुढचं महाभारत मला नंतर कळलं.

झालं असं की निसारभाईंनी तापाचा निरोप वाचला आणि त्यांच्या काळजात चर्र झालं. त्यांनी दुकानातला निवडक माल काढला, त्यांच्या बायकोनं, रशिदाभाभींनी, अळणी शिजवलं आणि निसारभाई मंडळ घेऊन आमच्या दारात हजर! अळणी म्हणजे बिनतिखटाचं मटणाचं पाणी. आमच्याकडं आजारी माणसाला गोळी नंतर देतात, अळणी आधी. तर मोठी किटली भरून अळणी, आणि दाराला कुलूप.

बयाबाई वरून ओरडल्या, "आत्ताच नेलं की! तोंड लालबुंद, श्वास घ्याय येत न्हवता! निशिगंधानं ढकलून रिक्षात घातलं बघा. 'लवकर चला' म्हणून वरडत हुती बिचारी!"

एकही शब्द खोटा नाही. बाई कोर्टात उभ्या राहिल्या असत्या तरी उलटतपासणीत डगमगल्या नसत्या.

मंडळानं दवाखाने पालथे घातले. माझा फोन लागतोय, कुणी उचलत नाही. म्हणजे बेशुद्ध! आकारामनं माझा गॉगल घातलेला फोटो सगळ्या ग्रुपांवर सोडला, "आमचे लाडके अध्यक्ष अत्यवस्थ. कोणत्या दवाखान्यात आहेत, त्वरित कळवा." तो गारगोटीला माझा मेहुणा जोतीराम याच्यापर्यंत पोचला. जोतीरामनं माझ्या सासूबाईंना, म्हणजे तानाबाईंना जीपमध्ये घातलं आणि निघाला.

दुपारी आम्ही दोघं गोल्डन बांबूत टेकलो. काय थाट सांगू! विश्वजितनं निशिगंधासाठी खुर्ची मागं ओढली. ती दोन क्षण उभीच राहिली. "हे मला बसाय ओढलंय व्हय?" तिनं हळूच विचारलं.

"व्हय की. तुलाच."

तिच्या चेहऱ्याकडं बघून मला एकदम वाईट वाटलं. पंचवीस वर्षं माझ्या घरात दर रविवारी पंगत उठते, आणि या बाईला कुणी 'बस' म्हटल्याचं मला आठवेना. मी तर नक्कीच नाही.

सूप आलं, नूडल्स आल्या, लाल मिरच्या घातलेलं चिकन आलं. वाफा, खमंग वास! पण निशिगंधा म्हणाली, "थांबा, आधी फोटू." एका बाजूनं फोटो, दुसऱ्या बाजूनं फोटो, सूपचा वेगळा, माझा सूपसकट. मी काट्याला नूडल्स गुंडाळून तोंड वासून तयार. तेवढ्यात विश्वजित मोबाईल घेऊन वाकला.

"सर, आमच्या तालमीच्या ग्रुपवर आलंय. ह्ये तुम्हीच का?"

गॉगलमधला मी! खाली 'अत्यवस्थ'!

"न्हाय हो!" मी म्हणालो. "माझ्यासारखी लई माणसं असत्यात."

"सर, मागं पंपाच्या दुकानाची पाटी हाय. परवा टेबल सांगताना तुम्ही त्येच नाव लिवून दिलंय."

एवढं बोलून तो मान हलवत गेला. चांगला नागरिक निघाला! फोटोखालच्या नंबरवर त्यानं लगेच कळवलं. मी काटा तोंडाशी नेतोय न नेतोय तोच जिन्यात धडधड धडधड सुरू झाली.

दार उघडलं. पुढं निसारभाई, हातात किटली, डोळ्यांत पाणी. मागं सगळं मंडळ. त्यामागं जोतीराम आणि सासूबाई. आणि सगळ्यात शेवटी आकाराम, खांद्यावर गुंडाळलेला फ्लेक्स! त्यानं तो तिथंच उलगडला. माझा फोटो, चारी बाजूंनी झेंडूची फुलं, वर 'अध्यक्ष, लवकर बरे व्हा', आणि खाली दुप्पट अक्षरांत, 'शुभेच्छुक : भावी अध्यक्ष आकाराम'. फुलांची ती चौकट त्यानं कुठल्या कामासाठी तयार ठेवलेली असते, ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

"दाजी!" जोतीराम गलबलला. "तुम्ही जित्तं हायसा!"

"अध्यक्ष, तापात चायनीज?" निसारभाईंनी माझ्या हातातला काटा हळूच, अगदी प्रेमानं काढून घेतला. "मरायचंय व्हय?"

"मला तर वाटतंय," आकाराम डोळे बारीक करून म्हणाला, "अध्यक्षांना ताप-बीप काय न्हाय."

झालं! सगळे माझ्याकडं बघायला लागले. खरं बोलावं तर मंडळातूनच हकालपट्टी. खोटं बोलावं तर समोरचं चिकन गेलं. तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या कपाळावर हात ठेवला. त्या कोटात मी तासन् तास उकडून निघालेलो, वर भीतीनं फुटलेला घाम!

"अगं बया! जावायबापूंचं कपाळ भाजतंय की!"

मी आशेनं निशिगंधाकडं पाहिलं. तिला एकटीला खरं ठाऊक होतं. तिनं आधी मंडळाकडं पाहिलं, मग फ्लेक्सकडं, मग माझ्याकडं. आणि शांतपणे म्हणाली, "व्हय, रातच्यापास्नं हाय ताप. डॉक्टरनी तेलकट, तिखट सगळं बंद केलंय. पन ह्यांचा हट्ट. म्हनं, खायचं न्हाय, नुसतं चायनीज बघायचंय."

"नुसतं बघायचं?" मंडळ हळहळलं. एकानं तर माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"आन् आता सगळी आलाय तर बसा," निशिगंधा म्हणाली. "आमच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस हाय. ह्यांच्याकडनं जेवण."

असं आमंत्रण मंडळानं कधी नाकारलेलं नाही. टेबलांना टेबलं जोडली गेली. माझ्यासमोरचं सूप ओतून टाकून त्या सुबक चिनी वाडग्यात निसारभाईंनी किटलीतलं अळणी ओतलं. "गरम गरम घ्या, अध्यक्ष. अख्खी किटली तुमचीच."

आणि मी पीत बसलो. माझ्या डाव्या हाताला जोतीराम शेजवान चिकन हाणतोय. उजव्या हाताला सासूबाई नूडल्सना शेवया म्हणत दुसऱ्यांदा वाढून घेतायत. आकाराम चॉपस्टिकांनी टेबलावर हलगी वाजवतोय. शेवटी व्हायचं तेच झालं. आकारामनं मंचुरियनची वाटी उचलली, विश्वजितकडं वळला आणि तोंड उघडलं, "पावणं, जरा रस..."

"आकाराम!"

निशिगंधा एवढ्या जोरात कधी बोललेली मी ऐकली नव्हती.

"आज ह्या टेबलावर त्यो शब्द जो काढंल, त्यो पुढच्या रविवारी माझ्या घरात नारळ खवंल. सगळं. एकट्यानं."

आकारामनं वाटी खाली ठेवली. मंडळातल्या मिशाळ, धिप्पाड गड्यांनी माना खाली घातल्या आणि जेवण संपेपर्यंत हूं की चूं केलं नाही. विश्वजित निशिगंधापाशी येऊन अदबीनं म्हणाला, "मॅडम, आणखी काय आणू?" ती मेन्यूकार्ड सावकाश चाळत राहिली. कुठली घाई नव्हती तिला. कुकरची शिट्टी नव्हती, भाकरी करपत नव्हती. मग बोट ठेवून तिनं काहीतरी मागवलं आणि ते येईपर्यंत मस्तपैकी मागं टेकून बसली. पंचवीस वर्षांत इतकी सुंदर मी तिला पाहिली नव्हती. तिच्या ताटातला घास आणखीनच सुंदर दिसत होता, पण तो मागायची हिंमत झाली नाही.

पुढच्या रविवारी मंडळाची बैठक भरली. आकारामनं विषय काढला, "अध्यक्षांची तब्येत बघता हंगामी अध्यक्ष नेमावा." आणि खिशातून हार काढून स्वतःच हातात धरून बसला. निसारभाई सरळपणानं म्हणाले, "वहिनींनाच करूया की. त्या दिवशी तुम्हाला गप बसवलंनी. अध्यक्षांना कवा जमलं न्हाय." ठराव एकमतानं मंजूर! हार आकारामलाच तिच्या गळ्यात घालावा लागला.

नव्या अध्यक्षबाईंचा पहिला हुकूम : महिन्याचा पहिला रविवार गोल्डन बांबूत, खर्च मंडळाचा. बाकीच्या रविवारी पांढरा रस्सा त्या करणार, पण नारळ खवायचे माजी अध्यक्षांनी. आता माझ्या बोटांवर खवणीचे एवढे वण आहेत की ग्राहक विचारतात, पंप दुरुस्त करताना लागलं का!

आणि ताप? त्याचं काय करणार? तो उतरला म्हणावं, तर कुठल्या डॉक्टरनं उतरवला ते आकाराम विचारतो. नव्हताच म्हणावं, तर माझाच नियम मला मंडळाबाहेर काढतो. निशिगंधाला विचारलं, तर ती म्हणते, "घाई नको. जुनाट ताप असतोय एकेक."

तरीही पैज लावून सांगतो, कोल्हापुरात चायनीज खायचं तर गोल्डन बांबूतच खा. नाद खुळा! सूप म्हणजे सूप, नूडल्स म्हणजे नूडल्स. निसारभाई हेच सांगतात, सासूबाई सांगतात, आणि आमच्या अध्यक्षबाई तर देवीची शपथ घेऊन सांगतात. मी महिन्याच्या महिन्याला तिथं जातोच. कोपऱ्यातली न डुगडुगणारी खुर्ची माझी ठरलेली आहे, आणि मी दिसलो की निसारभाई किटलीचं झाकण काढतात.